अर्धं वरून, अर्धं खालून

गाडीचं इंजिन ऑइल आपण घरच्या घरी बदलणार आहोत, असं इन्स्पेक्टर फोनवर मुलीला बोलून गेले आणि पुढच्याच क्षणी त्यांना कळलं, की आपली जीभ आपल्या हातांच्या फार पुढे निघून गेलेली आहे.

तसं बोलायचं काही अडलं नव्हतं. मुलगी नेहमीसारखी म्हणाली होती, "बाबा, ती गाडी विकून टाका ना एकदाची. उभ्या उभ्या सडतेय. नुसत्या उभ्या गाडीचं तेलसुद्धा खराब होतं, माहितेय तुम्हाला?" यावर शहाण्या माणसानं 'बघू' म्हटलं असतं. इन्स्पेक्टर म्हणाले, "तेल ना? ते मी बदलतोच आहे आता. घरीच." मग मुलगी म्हणाली, "तुम्ही? अहो बाबा, बल्ब बदलायचा तर आईला स्टुलावर चढवायचात तुम्ही." आता हे खरं होतं. पण खाली स्टूल धरून उभं राहणं हेही एक कामच असतं, हे घरच्या माणसांना कधी पटलेलं नाही.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत हं. वजनमाप खात्यातले. दुकानदारांचे तराजू तपासायचे, मापांवर शिक्के मारायचे, कमी भरलं की जप्त करायचं, ही त्यांची नोकरी. इमारतीत नवीन आलेली माणसं त्यांना पोलीस समजून जिन्यात वाट द्यायची, आणि तो गैरसमज दूर करायची इन्स्पेक्टरांनी कधी घाई केली नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही मला धरायला नको. त्या गाडीचं तेल स्वच्छ होतं. अगदी लख्ख. गाडी होती त्यांच्या बायकोची, आणि चालवायची तीच. हे शेजारच्या सीटवर बसून "बघ, तो सायकलवाला येतोय" एवढं सांगायचे. दोघांनी कुठेतरी लांब फिरायला जायचं म्हणून तिनं गाडीचं तेल बदलून आणलं, चाकांत हवा भरली, काचा पुसल्या. आणि मग ती एकटीच गेली, तीही गाडी न घेता. तेव्हापासून गाडी पार्किंगमध्ये होती तिथेच आहे. दर रविवारी सकाळी इन्स्पेक्टर खाली जायचे, आपल्या नेहमीच्या, म्हणजे शेजारच्या सीटवर बसायचे, तिथून हात लांब करून किल्ली फिरवायचे आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे. चालकाच्या सीटवर ते बसत नसत. ती सीट पुढे ओढलेली होती, बायकोच्या उंचीला.

तेव्हा तेल बदलायची गरज नाही हे या जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते इन्स्पेक्टरांनाच. पण मुलीला सांगून बसले होते. आणि शब्द गिळायची सवय त्यांना खात्यानं लावलेली नव्हती.

म्हणून एका सकाळी ते खाली गेले आणि त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं. करणार काहीच नव्हते. नुसतं बघू, थोडा वेळ उभं राहू, मग वर जाऊन मुलीला सांगू की झालं बुवा, असा साधा सरळ बेत. पण उघडं बॉनेट ही चीज अशी आहे, की आजूबाजूच्या निवृत्त पुरुषांना तिचा वास लागतो. दोन मिनिटं झाली नसतील, जिन्यात चपला वाजल्या आणि पहिल्या मजल्यावरचे कॅप्टन हजर.

कॅप्टन हेही खरे कॅप्टन नव्हेत. त्यांनी सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनखान्यात काढली, पार तळाशी. समुद्र म्हणे त्यांनी फक्त सुट्टीवर येता-जाता पाहिला. पण आवाज कॅप्टनचाच होता. बायको नातवंडांना सांभाळायला मुलाकडे गेली ती तिकडेच रमली, त्यामुळे तो आवाज वापरायला घरात कुणी उरलं नव्हतं.

"काय निघालंय?" कॅप्टननी विचारलं.

"तेल बदलतोय."

"काळं झालंय?"

इथे इन्स्पेक्टरांची पाचावर धारण बसली. इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली तर टोकाला मधासारखा थेंब लागणार आणि सगळं उघडं पडणार. पण खिशात बुटांना पॉलिश करायचं फडकं होतं. सकाळी बूट चमकवून ते तसंच खिशात कोंबलं होतं. इन्स्पेक्टरांनी पाठ वळवली, पट्टी ओढली, फडक्यात चपळाईनं पुसली आणि फडक्याचा काळा कोपरा कॅप्टनच्या पुढे धरला. "बघा की."

कॅप्टननी फडकं नाकाशी नेलं. मग इन्स्पेक्टरांच्या बुटांकडे पाहिलं. मग फडकं परत दिलं आणि म्हणाले, "फारच काळं आहे. काढायलाच हवं. आणि काढायचं ते खालून!"

एवढ्यात तळमजल्यावरचं दार उघडलं आणि दातांचे डॉक्टर बाहेर आले. हात थरथर कापायला लागल्यामुळे त्यांनी दवाखाना बंद केला होता, आणि त्यांची बायको म्हणायची की आता हे दिवसभर घरातल्या नळांची तोंडं तपासत बसतात. 'खालून' हा शब्द कानावर पडताच ते चमकले.

"खालून कशाला? छे छे! खालून म्हणजे गाडी उचला, आडवे पडा, नट फिरवा, सगळीकडे घाण. वरून घ्या. त्या पट्टीच्या भोकातून बारीक नळी सोडायची आणि पंपानं ओढून घ्यायचं. रुग्णाला पत्ता लागत नाही."

"अहो डॉक्टर, गाळ तळाशी बसतो!" कॅप्टन गरजले. "वरून काय ओढणार तुम्ही? साय?"

"तोंडातली लाळ मी काय खालून काढायचो?" डॉक्टर म्हणाले.

दोघांनी एकदमच इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. "तुमचं काय मत?"

आता बघा. इन्स्पेक्टरांना मत विचारून लोकांना किती काळ लोटला होता, ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. घरात बोलायला कुणी नाही. मुलीचा फोन आला की पहिला शब्द घशातून घोगराच निघायचा. मग त्यांना खाकरून "जरा सर्दी झालीय" असं सांगावं लागायचं. आणि इथे दोन माणसं, दोन्ही शिकलेली, दोन्ही तावातावात, यांच्या तोंडाकडे बघत उभी. इन्स्पेक्टरांनी खात्यात असताना करायचे तसा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "दोन्ही बाजू तोलून बघितल्याशिवाय मी निर्णय देत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी कॅप्टन घडीची खुर्ची घेऊनच खाली आले.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच, पण सांगतो. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, समोर तीन खुर्च्या मांडायच्या आणि चर्चा सुरू. इन्स्पेक्टरांनी माळ्यावरून मोठा थर्मास काढला, धुतला, त्यात चहा भरून आणायला लागले. गाडीखाली ठेवायला पसरट ट्रे आणायचा ठरलं. आणला, तर तो इतका उंच की गाडीखाली शिरेना. तो बदलून दुसरा आणला, तर तो इतका बसका की कॅप्टन म्हणाले, "यात इंजिनाचं तेल मावणार? यात माझं तोंडसुद्धा मावणार नाही." डॉक्टरांनी बंद दवाखान्यातून आपला जुना हातपंप आणला आणि त्याचं प्रात्यक्षिक दिलं. पण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. नळी पट्टीच्या भोकाऐवजी शेजारच्या काच धुवायच्या पाण्याच्या टाकीत गेली आणि दहा मिनिटं घाम गाळून त्यांनी बाटलीभर निळं साबणाचं पाणी उपसलं. "बघा, किती स्वच्छ पद्धत आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कॅप्टनना हसताना ठसका लागला आणि थर्मासमधला सगळा चहा त्यांच्या उपचारात संपला.

मग कॅप्टननी ठरवलं की आता आपलं प्रात्यक्षिक. विटांवर चाकं चढवायला कुणी गाडी चालवायला नव्हतंच (तिघांत मिळून एक चालू लायसन्स होतं, आणि ते ज्यांच्याकडे होतं ते चालकाच्या सीटवर बसत नव्हते), म्हणून गाडी होती तशीच ठेवून कॅप्टन पाठीवर आडवे झाले आणि सरकत गाडीखाली गेले. छातीपर्यंत गेले. पोटापाशी थांबले. पुढेही जाईनात, मागेही येईनात. "नट दिसतोय मला!" असा खालून आवाज आला, आणि थोड्या वेळानं, जरा हळू, "ओढा."

वॉचमननं एक पाय धरला, डॉक्टरांनी दुसरा. इन्स्पेक्टर बाजूला उभे राहून "हं, एकदम, एकदम" म्हणत राहिले. बल्ब बदलतानाचीच ही त्यांची जुनी जबाबदारी. कॅप्टन एकदाचे बाहेर आले, पण तोवर वरच्या सगळ्या खिडक्यांत माणसं जमली होती आणि त्यांत सोसायटीच्या सेक्रेटरीबाईही होत्या.

सेक्रेटरीबाई पूर्वी एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली पण बाई सुटल्या नाहीत. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'पार्किंगच्या जागेत सभासदांनी आडवे पडू नये.'

डॉक्टर त्या सूचनेसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे होते. "वरून काढायला आडवं पडावं लागत नाही," एवढंच म्हणाले आणि शीळ घालत घरात गेले.

कॅप्टनना हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. खुर्ची रिकामी. डॉक्टर आले, पण विरोधी पक्ष नसल्यावर डॉक्टरांना तरी बोलायला काय असणार? थोडा वेळ दोघं इंजिनाकडे बघत बसले. मग डॉक्टर "जरा नळाचं बघतो" म्हणून उठले. इन्स्पेक्टर एकटेच उरले. त्यांनी स्वतःपुरता चहा ओतला. थर्मास तिघांचा भरलेला होता. पार्किंगमध्ये इतकं शांत होतं, की पार वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ही शांतता इन्स्पेक्टरांच्या चांगली ओळखीची होती. ती घरात राहायची. आता ती खाली पार्किंगपर्यंत आली म्हटल्यावर त्यांना भीती वाटली. अगदी खरीखुरी भीती, लहान मुलाला वाटते तशी.

ते उठले, पहिल्या मजल्यावर गेले आणि कॅप्टनची बेल दाबली.

"मला एक मुद्दा सुचलाय," ते म्हणाले. "खालून काढण्याच्या बाजूचा. पण डॉक्टरांच्या देखत मांडावा लागेल."

कॅप्टननी घडीची खुर्ची उचलली.

तेव्हापासून इन्स्पेक्टर मुद्दे पुरवायला लागले. सरकारी नोकरीत निर्णय न घेता विषय जिवंत कसा ठेवायचा, याची त्यांना उत्तम तालीम होती. खालच्या नटाचा वायसर बदलायचा का? नळी रबरी की प्लॅस्टिकची? तेल कोमट असताना काढायचं की गार? एक मुद्दा विझत आला की दुसरा पेटवायचा. आणि रोज रात्री झोपताना मनाशी म्हणायचे, आता फार झालं, उद्या सांगून टाकू. सांगितलं नाही. आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण या माणसानं नखानं खरवडून काढलं होतं. आता रोज सकाळी खाली यायच्या आधी स्वतःच फडक्याला पॉलिश लावत होते. त्याची त्यांना लाज वाटायची. पण खुर्च्या मांडल्या की लाज जायची.

मध्येच डॉक्टरांनी विचारलं, "बरं, पण काढलेलं तेल टाकणार कुठे?" हा मुद्दा तर सोन्यासारखा. इन्स्पेक्टर इस्त्रीचे कपडे घालून नगरपालिकेत गेले.

"वापरलेलं तेल हा ओला कचरा की सुका?" त्यांनी खिडकीपलीकडच्या कारकुनाला विचारलं.

"पातळ आहे ना? मग ओला."

"पण ओल्या कचऱ्याचं तुम्ही खत करता. इंजिन ऑइलचं खत?"

कारकुनानं विचार केला. "मग सुका."

"पातळ पदार्थ सुका कसा?"

"तुम्ही तो वाळवून आणा," कारकून म्हणाला आणि 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी पुढे सरकवली.

दुसरा माणूस असता तर चिडला असता. इन्स्पेक्टर आनंदानं घरी आले. हे सांगायला त्यांच्याकडे दोन माणसं होती. तेल वाळवायचं कसं यावर कॅप्टन आणि डॉक्टर अख्खी सकाळ हसले, आणि हसता हसता कॅप्टन इन्स्पेक्टरांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तुमच्या खात्यातला वाटतो!" किती दिवसांत कुणी त्यांच्या खांद्याला हात लावला नव्हता. इन्स्पेक्टर तो खांदा थोडा वेळ तसाच धरून बसले.

पण अशा गोष्टी सेक्रेटरीबाईंना बघवत नाहीत. एका सकाळी त्या स्वतः खाली आल्या, हातात छत्री, नाकावर चष्मा. तिघंही उठून उभे राहिले. वर्गात बाई आल्यावर उठायचंच असतं.

"किती दिवस चाललंय हे? गाडीचं तोंड उघडं, खुर्च्या पसरलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट नाही. येत्या रविवारी तेल बदलायचं. माझ्यासमोर. नाही बदललं तर गाडी इथून हलवायची. चालत नसेल तर विकून टाका."

पुन्हा तेच. विकून टाका. इन्स्पेक्टरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. बदललं नाही तर गाडी जाणार. बदललं तर ट्रेमध्ये सगळ्यांच्या समोर तेल पडणार, सोन्यासारखं पिवळं, आणि माणसं विचारणार की इतके दिवस आम्हाला कशाला झुलवलंत? मग बॉनेट बंद, खुर्च्या घरी. शिवाय पद्धत कुठली? कॅप्टनची घेतली तर डॉक्टर जाणार, डॉक्टरांची घेतली तर कॅप्टन. सगळीकडून कोंडी.

"तुम्ही निर्णय द्या," डॉक्टर म्हणाले.

"द्याच," कॅप्टन म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तराजूचा काटा मधोमध आणून ठेवायची त्यांना जन्माची सवय. ते म्हणाले, "अर्धं वरून, अर्धं खालून."

या पद्धतीनं गाडीचं तेल जगात आजवर कुणी बदललं नसेल. कारण तिला काही अर्थच नाही. पण कॅप्टन आणि डॉक्टर दोघांनाही ती अगदी न्याय्य वाटली.

रविवार उजाडला. इन्स्पेक्टरांनी त्या दिवशी ना बुटांना पॉलिश केलं, ना फडक्याला लावलं. आता काय उपयोग? खाली गेले, शेजारच्या सीटवर बसले, हात लांब करून किल्ली फिरवली, तेल कोमट होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. वॉचमननं कुठूनसा चांगला जॅक आणि दोन लोखंडी घोडे आणले होते. गाडीचं नाक वर उचलून घोड्यांवर टेकवलं, म्हणजे कॅप्टनच्या पोटाची सोय झाली. कॅप्टननी आडवं पडायची खास परवानगी घेतली होती. सेक्रेटरीबाई छत्री टेकून उभ्या होत्या.

आधी डॉक्टर. या खेपेला चष्मा लावून आले होते. नळी बरोबर भोकात गेली. त्यांचे हात कापत होते, पण पंप धरल्यावर कापायचे थांबले. दोन-चार दाब दिले आणि नळीतून तेल चढायला लागलं. काचेच्या बरणीत पडलं. बरणी भरत गेली.

मध. अगदी मधच.

डॉक्टरांनी पंप थांबवला. बरणी उचलून उजेडासमोर धरली, दाताचा फोटो बघायचे तशी. इन्स्पेक्टर जमिनीकडे बघत होते. त्यांच्या कानात गरम वारं भरलं होतं.

"हे तर स्वच्छ दिसतंय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बरणी खाली केली. इन्स्पेक्टरांकडे पाहिलं, त्यांच्या बिनपॉलिशच्या बुटांकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसायला लागले. फार वेळ पुसत होते.

"बरोबर आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "वरचं स्वच्छच असणार. गाळ तळाशी बसतो. हे कॅप्टन पहिल्या दिवसापासून सांगत होते, मीच हट्टाला पेटलो होतो. वरून काढायची पद्धत चुकीची आहे."

हे बोलताना या माणसाला काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत. कॅप्टननी त्यांच्याकडे आ वासून पाहिलं. इतक्या दिवसांच्या लढाईत जिंकले होते बिचारे, पण ओरडले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले आणि पाना घेऊन गाडीखाली सरकले.

आता सगळं कॅप्टनवर. खालून नट फिरवल्याचा आवाज आला. मग ट्रेमध्ये तेल पडल्याचा. इन्स्पेक्टरांना गाडीखालून फक्त कॅप्टनच्या चपला दिसत होत्या. चपला हलत नव्हत्या. तेल पडत होतं, आणि कॅप्टन काहीच बोलत नव्हते. या माणसाला गप्प असलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"काय हो?" सेक्रेटरीबाईंनी वाकून विचारलं. "कसं आहे?"

"काळं!" खालून आवाज आला, असा की पार्किंग दणाणलं. "ठार काळं! अहो, डांबर आहे डांबर! आणखी आठवडाभर थांबलो असतो तर इंजिन बसलं असतं!" मागोमाग घाईघाईनं नट आवळल्याचा आवाज. "वर्तमानपत्र द्या जरा. झाकून काढतो. वास घेण्यासारखं नाही."

कॅप्टन बाहेर आले ते छातीशी ट्रे धरून, वर वर्तमानपत्र झाकून, बाळंतिणीच्या खोलीतून सुईण निघावी तसे जपून. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर एक थेंब पडला होता. मोठा, पिवळाधमक. तो सेक्रेटरीबाईंनी पाहिला. चष्म्यातून पाहिला, मग चष्म्यावरून पाहिला.

"आणि एवढ्यानं भागणार नाही," कॅप्टन त्यांच्या नजरेला नजर न देता म्हणाले. "तेलाची ही दशा, तर ब्रेक कसे असतील? पुढच्या रविवारपासून ब्रेक बघायला लागतील."

बाईंनी छत्री एकदा जमिनीवर आपटली. "ब्रेकसाठी वेगळा अर्ज लागेल," त्या म्हणाल्या. "खुर्च्या भिंतीला लावून बसायचं." आणि गेल्या.

नवं तेल ओतलं. इंजिनात साडेतीन लिटर मावतं, डबाही साडेतीनचाच होता. पट्टीवर तेल खुणेला टेकलं तरी डब्यात थोडं उरलंच. इन्स्पेक्टरांनी डबा हलवून पाहिला.

"डबेवाले जास्त भरतात हल्ली," कॅप्टन म्हणाले.

जास्त भरणारा विक्रेता इन्स्पेक्टरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. डॉक्टर हात धुवायला गेले. वॉचमन घोडे घेऊन गेला. कॅप्टन खुर्चीची घडी घालता घालता थांबले.

"कुठलं तेल घालू, हे वहिनींनी मलाच विचारलं होतं," ते म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज इन्स्पेक्टरांनी पहिल्यांदाच ऐकला. "जिन्यात थांबवून. म्हणाल्या, चांगल्यातलं चांगलं सांगा, लांब जायचंय." मग खुर्ची बगलेत मारून म्हणाले, "रविवारी साडेनऊला येतो. चहा जरा कमी गोड करा."

इन्स्पेक्टर बरणी आणि ट्रे घेऊन वर आले. घर नेहमीसारखं होतं. दुपारचं ऊन खिडकीतून आत येऊन जेवणाच्या टेबलावर, दोन खुर्च्यांपैकी रिकाम्या खुर्चीपर्यंत पोचलं होतं. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. निवृत्त होताना खात्यानं भेट दिलेला पितळी मापांचा संच कपाटातून काढला. हा संच त्यांनी आजवर नुसता पुसला होता. आज पहिल्यांदा वापरला. बरणीतलं तेल मोजलं. ट्रेमधलं तेल मोजलं. एक थेंब सांडला नाही. बेरीज केली. मग पुन्हा मोजलं, कारण नियमच तसा होता.

अर्धा लिटर कमी भरत होतं.

म्हणजे नट घाईघाईनं आवळला तो उगाच नाही. तिनं घातलेलं, चांगल्यातलं चांगलं, लांब जायचं म्हणून घातलेलं तेल अजून थोडं इंजिनात होतं. नव्यात मिसळून तिथेच राहणार होतं. इन्स्पेक्टर खुर्चीवर बसले आणि त्यांना रडू आलं. आवरायची गरज नव्हती, घरात कुणी नव्हतं. थोड्या वेळानं फोन वाजला.

"झालं का तेल बदलून?" मुलीनं विचारलं. "आवाज का असा येतोय?"

"जरा सर्दी झालीय," ते म्हणाले. "झालं गं. अर्धं वरून काढलं, अर्धं खालून."

"म्हणजे?"

"आता ब्रेक बघायचेत. मग चाकं. गाडी इतक्यात विकता नाही यायची."

फोन ठेवून ते पुन्हा टेबलाशी आले. मापं पुसून ओळीनं संचात ठेवली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पसाभरसुद्धा कमी माप कुणाचं चालवून घेतलं नव्हतं. या अर्ध्या लिटरबद्दल कॅप्टनना काही विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते ब्रेकच्या अर्जासाठी कोरा कागद शोधायला लागले.